हिल्डेसहाइमचे ‘क्नोखेनहाउअर-आम्ट्सहाउस’ : एका लाकडी वास्तूचा इतिहास आणि ऐतिहासिक सत्यतेचा प्रश्न

प्रस्तावना :

वास्तू हे इतिहासाचे एक महत्त्वाचे साधन मानले जाते. कागदपत्रे, नाणी, शिलालेख यांच्या बरोबरीने जुन्या वास्तूही गतकाळाची साक्ष देतात. मात्र एखादी वास्तू पूर्णतः नष्ट झाल्यानंतर तिच्या मूळ जागेवर, मूळ आकारात आणि मूळ पद्धतीने पुन्हा उभारली गेली, तर तिला इतिहासाचे साधन म्हणावे काय? दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जर्मनीत हा प्रश्न केवळ तात्त्विक राहिला नाही. नगरपालिका, वास्तुविशारद, इतिहासकार आणि सामान्य नागरिक यांच्यात त्यावर अनेक दशके वाद झाला. प्रस्तुत लेखात उत्तर जर्मनीतील हिल्डेसहाइम या शहरातील ‘क्नोखेनहाउअर-आम्ट्सहाउस’, म्हणजेच खाटिकांच्या श्रेणीचे सभागृह, या वास्तूच्या इतिहासाचा परामर्श घेऊन या प्रश्नाचा विचार केला आहे. ही वास्तू इ. स. १५२९ मध्ये बांधली गेली, १९४५ मध्ये जळून नष्ट झाली आणि १९८७ ते १९८९ या काळात पुन्हा बांधली गेली. या तीनही टप्प्यांचा एकत्रित विचार केल्याशिवाय तिचा इतिहास पूर्ण होत नाही, ही या लेखाची मुख्य भूमिका आहे.

लाकडी चौकटीच्या बांधकामाचे स्वरूप :

मध्ययुगीन जर्मन शहरांतील बहुसंख्य घरे ‘फाखवेर्क’ या पद्धतीची होती. या पद्धतीत घराचा सर्व भार लाकडी चौकट पेलते. उभे खांब, आडव्या तुळया आणि त्यांना बळकटी देणारे तिरपे आधार यांची एक जाळी तयार केली जाते. चौकटीतील मोकळ्या जागा काठ्यांच्या विणीवर माती व गवताचा गिलावा देऊन किंवा विटांनी भरल्या जातात. आपल्याकडे कुडाची भिंत म्हणून जी ओळखली जाते, त्याच जातीचे हे भरण होय. भिंत येथे केवळ आडोशाचे काम करते. ती काढून टाकली तरी घर उभे राहते.

या बांधकामासाठी प्रामुख्याने ओक वृक्षाचे लाकूड वापरले जाई. एका लाकडाच्या टोकाला कुसू काढून ते दुसऱ्या लाकडाच्या खाचेत बसवावयाचे आणि त्यातून आरपार लाकडी खुंटी ठोकावयाची, ही सांधणीची प्रमुख रीत होती. सुतार संपूर्ण चौकट आधी जमिनीवर जुळवून पाहत, प्रत्येक लाकडावर खुणेचे चिन्ह कोरीत आणि मग ती सुटी करून प्रत्यक्ष जागेवर उभी करीत. ओक वाळल्यावर फार कठीण होत असल्यामुळे ते बहुधा ओलसर असतानाच घडविले जाई. या साध्या व्यवहाराला इतिहासलेखनाच्या दृष्टीने मोठे महत्त्व प्राप्त झाले आहे. लाकडातील वार्षिक वलयांचा अभ्यास करून झाड कोणत्या वर्षी तोडले हे निश्चित करता येते आणि तोडणीनंतर लवकरच घर बांधले जात असल्याने घराचा काळही ठरविता येतो. एस्लिंगन येथील एका घराचा काळ याच पद्धतीने १२६६-६७ असा निश्चित झाला आहे. क्वेडलिनबुर्ग येथील एक प्रसिद्ध घर पूर्वी चौदाव्या शतकाच्या आरंभीचे मानले जात असे. वलयांच्या अभ्यासानंतर ते १३४६-४७ मधील असल्याचे दिसून आले. जुन्या घराचे लाकूड हे अशा प्रकारे दप्तरखान्यातील कागदाइतकेच बोलके असते.

या घरांचे दुसरे वैशिष्ट्य म्हणजे वरचा प्रत्येक मजला खालच्या मजल्यापेक्षा रस्त्याच्या बाजूने थोडा पुढे काढलेला असे. शहराच्या तटबंदीच्या आत जागा अपुरी होती. जमिनीवर न वाढता वरच्या मजल्यांवर जागा वाढविण्याचा तो उपाय होता. पुढे आलेल्या मजल्यांमुळे खालच्या लाकडांचे पावसापासून रक्षणही होई. परंतु याच रचनेमुळे अरुंद गल्लीतील समोरासमोरची घरे वरच्या बाजूस एकमेकांच्या जवळ येत आणि एका घराला लागलेली आग सहज दुसऱ्या घरापर्यंत पोहोचे. या वास्तुप्रकाराच्या सौंदर्यातच त्याच्या विनाशाचे बीज होते, असे म्हणता येईल.

श्रेणीचे घर : इ. स. १५२९

हिल्डेसहाइम हे हॅनोव्हरच्या आग्नेयेस सुमारे ३० किलोमीटर अंतरावरील शहर. इ. स. ८१५ मध्ये येथे धर्मपीठ स्थापन झाले आणि त्याभोवती शहर वाढत गेले. बिशपची सत्ता आणि नगरवासीयांचे स्वायत्ततेचे हक्क यांच्यातील ताण हा या शहराच्या मध्ययुगीन इतिहासाचा स्थायीभाव होय. १५१९ ते १५२३ या काळात हिल्डेसहाइमच्या धर्मपीठाच्या प्रदेशावरून मोठे युद्ध झाले. क्वेडलिनबुर्गच्या तहाने बिशपला आपल्या प्रदेशाचा फार मोठा भाग गमवावा लागला. त्यानंतर अवघ्या सहा वर्षांनी खाटिकांच्या श्रेणीने बाजारचौकात आपले सभागृह उभारले. १५४२ मध्ये शहराने धर्मसुधारणेचा स्वीकार केला. म्हणजे ही वास्तू दोन मोठ्या स्थित्यंतरांच्या मधल्या काळातील आहे.

‘क्नोखेनहाउअर’ या शब्दाचा शब्दशः अर्थ हाडे तोडणारा असा आहे. ‘आम्ट’ या शब्दाचा आजचा रूढ अर्थ शासकीय कार्यालय असा असला, तरी उत्तर जर्मनीत तो व्यवसायसंघ किंवा श्रेणी या अर्थाने वापरला जाई. श्रेणी ही केवळ व्यापारी संघटना नव्हती. व्यवसायात कोणाला प्रवेश द्यावयाचा, मालाचा दर्जा काय असावा, शिकाऊ मुलाने किती वर्षे उमेदवारी करावी, सभासदाच्या विधवेला कोणते साहाय्य द्यावे, या सर्व बाबी श्रेणी ठरवीत असे. प्राचीन भारतातील श्रेणींचा अभ्यास करणाऱ्यांना ही कार्ये परिचित वाटतील. मात्र या बंधुभावाला कठोर मर्यादाही होत्या. ज्यूंना श्रेणीत प्रवेश नव्हता आणि स्त्रियांचे स्थान बहुधा गौण होते. श्रेणीचे भव्य घर पाहताना तिच्या दाराबाहेर ठेवल्या गेलेल्यांचाही विचार करणे आवश्यक ठरते.

खाटिकांची ही वास्तू बाजारचौकाच्या पश्चिम बाजूस, नगरसभागृहाच्या बरोबर समोर उभी राहिली. तिच्या शेजारी भटारखान्यांच्या चालकांच्या श्रेणीचे घर होते. सभागृहाची उंची सुमारे २६ मीटर असून पुढे पुढे येत गेलेले मजले आणि त्यावरील उंच त्रिकोणी दर्शनी भाग यांमुळे ते संपूर्ण चौकावर आपली छाप पाडीत असे. तळमजल्याचा उपयोग मांसविक्रीसाठी होई. वर श्रेणीच्या सभांचे दालन होते आणि छपराखालील मजले साठवणुकीच्या कामी येत. वास्तूची एकूण घडण उत्तर गॉथिक परंपरेतील, परंतु तिच्या तुळयांवरील कोरीवकामात मात्र प्रबोधनकाळाच्या नव्या अभिरुचीची चाहूल लागते. इटलीत उगम पावलेली ही कलादृष्टी उत्तर जर्मनीतील खाटिकांच्या घरावर १५२९ मध्येच उमटावी, ही बाब तत्कालीन सांस्कृतिक दळणवळणाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. प्रबोधनाचा प्रसार केवळ राजदरबार आणि विद्यापीठे यांच्यामार्फत झाला, या समजाला ती छेद देते.

उपयुक्ततेकडून वारशाकडे : एकोणिसावे शतक

एकोणिसाव्या शतकात श्रेणीव्यवस्थेचा पाया ढासळला. १८०७ मध्ये हिल्डेसहाइम नेपोलियनच्या भावाच्या वेस्टफालिया राज्यात समाविष्ट झाले. तेथे व्यवसायस्वातंत्र्याचे तत्त्व लागू करण्यात आले. पुढे शहर हॅनोव्हरच्या आणि १८६६ मध्ये प्रशियाच्या ताब्यात गेले. १८६९ च्या कायद्याने उत्तर जर्मन संघराज्यात व्यवसायस्वातंत्र्य पक्के झाले आणि जुन्या श्रेणींचे सक्तीचे अधिकार कायमचे संपले. ज्या संस्थेसाठी घर बांधले होते, तिचे प्रयोजनच उरले नाही. १८५३ मध्ये ही वास्तू शहराच्या मालकीची झाली.

याच शतकात तिच्याकडे पाहण्याची दृष्टी बदलली. व्यवहाराच्या दृष्टीने जुने झालेले घर ‘स्मारक’ ठरू लागले. प्रसिद्ध फ्रेंच वास्तुविशारद व्हिओले-ल-द्युक याने तिला जगातील सर्वांत सुंदर लाकडी घर म्हटल्याचे परंपरेने सांगितले जाते. कार्ल लाख्नर यांनी १८८२ मध्ये हिल्डेसहाइमच्या लाकडी वास्तुकलेवर ग्रंथ प्रसिद्ध केला. १८८४ मध्ये आगीने वास्तूच्या वरच्या भागाचे नुकसान झाले आणि त्यानंतर तिची दुरुस्ती करण्यात आली. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या आरंभी येथे कलावस्तूंचे संग्रहालय स्थापन झाले. या तपशिलांचा एक अर्थ ध्यानात घेतला पाहिजे. १९४५ मध्ये जी वास्तू नष्ट झाली, तीदेखील १५२९ ची जशीच्या तशी नव्हती. तिच्या वरच्या भागात एकोणिसाव्या शतकातील दुरुस्तीचा वाटा होता. ‘मूळ’ ही कल्पना जितकी सरळ वाटते तितकी ती नाही.

विनाश : २२ मार्च १९४५

युद्धपूर्व हिल्डेसहाइममध्ये हजाराहून अधिक लाकडी चौकटीची घरे होती. २२ मार्च १९४५ रोजी दुपारी ब्रिटिश आणि कॅनडाच्या विमानदलांनी शहरावर मोठा हल्ला केला. आगलाव्या बॉम्बमुळे जुन्या शहरात वणवा पेटला. शहराचा सुमारे ७० टक्के भाग उद्ध्वस्त झाला, शेकडो माणसे मृत्युमुखी पडली आणि क्नोखेनहाउअर-आम्ट्सहाउसची राख झाली. त्यानंतर अवघ्या सोळा दिवसांनी, ७ एप्रिल रोजी, अमेरिकन सैन्य शहरात आले. युद्ध संपण्यास जेमतेम सहा-सात आठवडे उरले असताना झालेल्या या संहाराची लष्करी आवश्यकता किती होती, हा प्रश्न विचारला जातो आणि तो विचारला जाणे योग्यच आहे.

परंतु शहरातील आगीचा इतिहास १९४५ पासून सुरू करता येत नाही. लाप्पेनबेर्ग या भागात १८४९ मध्ये बांधलेले ज्यूंचे प्रार्थनागृह होते. ९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्री संपूर्ण जर्मनीत ज्यूंवर जे संघटित हल्ले झाले, त्यांत ते जाळण्यात आले. ती आग आकाशातून आली नव्हती; ती शहरातूनच लावली गेली होती. १९४२ मध्ये येथील ज्यूंना हद्दपार करण्यात आले. १९४५ च्या अग्निप्रलयाचे वर्णन १९३८ च्या आगीचा उल्लेख टाळून केले, तर कारण आणि परिणाम यांचा संबंध तुटतो आणि इतिहासाच्या जागी केवळ शोकगाथा उरते.

काँक्रीटचा काळ आणि पुनर्बांधणी :

युद्धोत्तर काळात बाजारचौकाचे काय करावे, यावर शहरात तीव्र मतभेद झाले. चौक जुन्या मापाचाच ठेवावा असे म्हणणारा एक पक्ष होता, तर काळाला अनुसरून तो मोठा करावा असे दुसऱ्या पक्षाचे मत होते. घरे, शाळा आणि रस्ते यांची निकड असताना जुन्या वास्तू उभारण्यास पैसाही नव्हता. नगरसभागृह दुरुस्त होऊन १९५४ मध्ये पुन्हा वापरात आले. क्नोखेनहाउअर-आम्ट्सहाउसच्या जागेवर मात्र १९६२ ते १९६४ या काळात ‘होटेल रोझे’ ही काँक्रीटची बहुमजली इमारत उभी राहिली. तिचे वास्तुविशारद डीटर ओस्टरलेन हे त्या काळातील मान्यवर नाव होय. हॅनोव्हर येथील लायने राजवाड्याचे विधिमंडळात रूपांतर करण्याचे कामही त्यांचेच. ही इमारत अज्ञानातून किंवा अनास्थेतून उभी राहिली, असे म्हणणे अन्यायाचे होईल. भूतकाळाची नक्कल न करता नव्या जर्मनीची प्रामाणिक वास्तुकला घडवावी, ही त्या पिढीची भूमिका होती.

पुढील दोन दशकांत लोकमत बदलले. अलेक्झांडर मिट्शर्लिश यांनी १९६५ मध्ये आधुनिक जर्मन शहरांच्या रुक्षपणावर परखड टीका केली. १९७५ हे वर्ष युरोपमध्ये वास्तुवारसा वर्ष म्हणून पाळले गेले. फ्रांकफुर्ट येथे १९८० च्या दशकाच्या आरंभी र्योमरबेर्ग चौकातील लाकडी घरांची रांग पुन्हा बांधण्यात आली. हिल्डेसहाइममध्येही नागरिकांनी पुनर्बांधणीसाठी पुढाकार घेतला, निधी जमविला आणि चौकातील इतर वास्तूंचे दर्शनी भाग प्रथम उभे राहिले. १९८७ मध्ये होटेल पाडण्यात आले. त्यानंतर दोन वर्षांत, जुनी छायाचित्रे आणि आलेख यांच्या आधारे, सुमारे ४०० घनमीटर ओक लाकूड वापरून खाटिकांचे सभागृह पुन्हा बांधण्यात आले. येथे काँक्रीटच्या सांगाड्यावर लाकडी फळ्या चिकटविलेल्या नाहीत. चौकट खरी आहे आणि तिचे सांधे लाकडी खुंट्यांनी जोडलेले आहेत. त्यासाठी विस्मरणात चाललेले सुतारकामाचे ज्ञान पुन्हा आत्मसात करावे लागले. आज तळमजल्यावर उपाहारगृह आणि वरच्या मजल्यांवर शहराचे संग्रहालय आहे.

सत्यतेचा प्रश्न :

पुनर्बांधणीविरुद्धचा युक्तिवाद जुना आणि भक्कम आहे. कलेतिहासकार गेओर्ग डेहिओ यांनी १९०१ मध्ये हायडेलबेर्गच्या भग्न किल्ल्याच्या पुनर्बांधणीस विरोध केला होता. जे आहे ते जपावे, नसलेले निर्माण करू नये, असे त्यांच्या भूमिकेचे सार सांगता येईल. १९६४ च्या व्हेनिस सनदेने हाच दृष्टिकोन पुढे नेला. उत्खननस्थळी सुटे झालेले मूळ भाग जुळविण्यापलीकडील पुनर्बांधणी तिने अमान्य केली. या दृष्टीने १९८९ ची वास्तू १५२९ विषयी नवे काहीही सांगू शकत नाही. तिच्या लाकडातील वलये मोजली तर ती विसाव्या शतकातील अरण्याची माहिती देतील. आपण पूर्वी जे नोंदवून ठेवले, तेवढेच ती आपल्याला परत सांगते.

दुसरी बाजूही तितकीच विचारात घेण्यासारखी आहे. वॉर्सा शहराचा जर्मनांनी हेतुपुरस्सर उद्ध्वस्त केलेला जुना भाग पोलंडच्या जनतेने पुन्हा बांधला आणि १९८० मध्ये त्याचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. १९९४ च्या नारा येथील दस्तऐवजाने सत्यतेची कल्पना केवळ मूळ साहित्यापुरती मर्यादित न ठेवता परंपरा, तंत्र, उपयोग आणि भाव यांपर्यंत विस्तारली. जपानमधील इसे येथील मंदिर साधारणतः दर वीस वर्षांनी नव्या लाकडात उभारले जाते आणि तरीही प्राचीनच मानले जाते. या कसोटीवर हिल्डेसहाइमच्या सुतारांनी जपलेली कारागिरी खरी ठरते.

परंतु वॉर्साचा दाखला हिल्डेसहाइमला जसाच्या तसा लागू करता येईल काय? वॉर्साची पुनर्बांधणी ही आक्रमकाने पुसू पाहिलेल्या अस्तित्वाची ग्वाही होती. हिल्डेसहाइम हे आक्रमण करणाऱ्या राष्ट्रातील शहर होते. तेथे पुनर्बांधणीमुळे दुःखाबरोबर दायित्वही झाकले जाण्याचा धोका होता. बाजारचौकात उभे राहून पाहिल्यास १९३३ ते १९४५ हा काळ जणू घडलाच नाही, असा भास होऊ शकतो. या पार्श्वभूमीवर एक योगायोग बोलका आहे. चौकात सभागृहाचे काम चालू असतानाच, १९८८ मध्ये, लाप्पेनबेर्गवर नष्ट झालेल्या प्रार्थनागृहाच्या जागी स्मारक उभारण्यात आले. एकाच शहराने एकाच काळात दोन नष्ट वास्तूंना दोन प्रकारचे उत्तर दिले. एक वास्तू पूर्ववत केली गेली. दुसरी परत आली नाही, तिचा अभाव दाखविला गेला. श्रेणीचे घर पुन्हा बांधता आले, कारण ते पाहणारे नागरिक शहरात होते. प्रार्थनागृहात जाणारा समाजच शहरातून नाहीसा करण्यात आला होता. हा फरक वास्तुशास्त्राचा नव्हे, इतिहासाचा आहे.

याच परिसरात आणखी एक गोष्ट नजरेस येते. शहराच्या दक्षिण भागातील काही रस्ते आगीतून बचावले. १६०६ मधील ‘वेर्नर घर’ आणि त्याच्या आसपासची अनेक साधी लाकडी घरे आजही मूळ लाकडासह उभी आहेत. पर्यटकांची गर्दी चौकात होते. खरी जुनी घरे मात्र या शांत गल्ल्यांत आहेत. इतिहासाच्या अभ्यासकाला दोन्ही ठिकाणी जावे लागते. चौकात समाजाला काय आठवावेसे वाटते ते कळते. गल्ल्यांत प्रत्यक्ष काय शिल्लक राहिले ते कळते.

पुनर्बांधणीची ही प्रेरणा १९८९ नंतरही थांबली नाही. हिल्डेसहाइममध्येच १५०९ मधील ‘उलटा साखरेचा शंकू’ या अर्थाच्या नावाने ओळखले जाणारे, पायाशी अरुंद व वर रुंद होत जाणारे घर २०१० मध्ये पुन्हा उभे राहिले. फ्रांकफुर्टमध्ये २०१८ मध्ये जुन्या शहराचा एक संपूर्ण भाग नव्याने खुला झाला. त्यामुळे येथे मांडलेला प्रश्न आजही जिवंत आहे.

निष्कर्ष :

१) क्नोखेनहाउअर-आम्ट्सहाउसचा इतिहास १५२९ या एका वर्षात सामावत नाही. १५२९, १८८४, १९४५, १९६४ आणि १९८९ ही सर्व वर्षे मिळून तो घडतो. काँक्रीटचे होटेल हाही त्या जागेच्या इतिहासाचा खरा भाग आहे.

२) पुनर्निर्मित वास्तू ही मूळ काळाचे साधन नसली, तरी ज्या काळात ती बांधली गेली त्या काळाचे ती अस्सल साधन आहे. १९८० च्या दशकातील जर्मन समाजाच्या आकांक्षा, खंत आणि मौन यांचा अभ्यास तिच्या आधारे करता येतो.

३) पुनर्बांधणी मुळातच खोटी असते, हे विधान एकांगी आहे. ती खोटी ठरते ती आपले वय लपविल्यामुळे. वास्तूवर तिच्या विनाशाचे आणि पुनर्जन्माचे वर्ष ठळकपणे सांगितले गेले, तर ती इतिहासाशी प्रामाणिक राहते.

४) एका वास्तूचे स्मरण दुसऱ्या वास्तूच्या विस्मरणावर उभे राहू नये. हिल्डेसहाइमच्या चौकाचा इतिहास लाप्पेनबेर्गच्या मोकळ्या जागेसह वाचला, तरच तो पूर्ण होतो.

पदवी वर्गांना आधुनिक युरोपचा इतिहास शिकविताना दुसरे महायुद्ध बहुधा तह, मोहिमा आणि आकडेवारी यांच्या रूपाने मांडले जाते. एका घराचा इतिहास हाती घेतला, तर श्रेणीव्यवस्था, प्रबोधन, नेपोलियनकालीन सुधारणा, वंशविद्वेष, हवाई युद्ध आणि युद्धोत्तर स्मृती हे सर्व विषय एका सूत्रात विद्यार्थ्यांपुढे ठेवता येतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, समोर दिसणारी वास्तू किती जुनी आहे एवढेच न विचारता ती कोणी, केव्हा आणि कशासाठी जुनी दिसेल अशी उभारली, हे विचारण्याची सवय त्यांना लागते. इतिहासाच्या अध्यापनातून विद्यार्थ्यांच्या हाती उरावे असे काही असेल, तर ते हेच होय.